बोंबील कसा धरतात?

आमच्या फैजपूरचा समुद्राशीं कांहीं संबंध असेल, असें नकाशा पाहणाऱ्यास वाटणार नाहीं. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी आणि मध्यें केळीचे बाग. समुद्र म्हणजे आम्हांस भूगोलाच्या पुस्तकांतील निळा रंग. तथापि आठवडे-बाजारांत, धान्यवाल्यांपासून जरा दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगास, सुकटीचीं दुकानें मांडलेलीं असतात. पोत्यांवर जवळ्याचे ढीग, शेजारीं वाकट्यांच्या जुड्या आणि बोंबलांच्या मोळ्या. आमच्या घरीं मासळी शिजत नाहीं, आणि त्या बाजूनें जातांना नाकास उपरण्याचें टोक लावण्याची आमच्या आळींत रीतच आहे. पण नाक झांकलें म्हणून कुतूहल झांकत नाहीं.

पुष्कळ वर्षांपूर्वींची गोष्ट. पांचवीच्या वर्गांत कोंकण किनाऱ्याचा धडा चालला होता. मागच्या बांकावरील एका मुलानें उभें राहून विचारलें, "गुरुजी, बोंबील कसा धरतात?" त्याचे वडील बाजारांत सुकट विकीत, म्हणून त्यास विचारण्याचा अधिकारहि होता. मीं तापीच्या कांठीं गळ टाकून बसलेलीं माणसें पाहिलेलीं, तेवढ्या भांडवलावर मीं ठांसून सांगितलें, "गळानें!" मुलगा खालीं बसला; परंतु त्याच्या तोंडावरची शंका गेली नाहीं. गळानें एकेक धरून पोत्यांनीं विकण्याइतका मासा कधीं गोळा होईल, एवढा साधा हिशेब त्या पोरास सुचला, तो मला सुचला नाहीं.

सेवानिवृत्तीनंतर माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त पालघरास होता, त्याच्याकडे दोन हिवाळे व एक उन्हाळा राहण्याचा योग आला. सातपाटी तेथून जवळ. अर्नाळा, वसई, डहाणू हींहि गांवें त्या निमित्तानें पाहून झालीं. माझें उत्तर किती चुकलें होतें तें तेथें कळलें. आजचें भाषण म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती होय.

उत्तर कोंकणच्या किनाऱ्यावर, म्हणजे मुंबईपासून डहाणू-झाईपर्यंत आणि पुढें गुजराथच्या हद्दींत, मासे धरण्याचें मुख्य जुनें साधन म्हणजे डोल. हें जाळें फेंकीत नाहींत, ओढीत नाहींत आणि माशाच्या मागें नेतहि नाहींत. तें समुद्रांत एका जागीं बांधून ठेवतात आणि तें भरण्याचें काम भरती-ओहोटीवर सोंपवितात. हें असें येथेंच कां चालतें, आणि मालवणाकडे कां चालत नाहीं, हें समजण्यासाठीं प्रथम तेथील समुद्राची ओळख करून घेतली पाहिजे.

जमीन संपली कीं समुद्र एकदम खोल होत नाहीं. कांहीं अंतरापर्यंत पाण्याखालीं उथळ असा कट्टा असतो. मुंबईच्या वायव्येस हा कट्टा तीनशे किलोमीटरांच्या आसपास रुंद आहे. दक्षिणेकडे जावें तसा तो अरुंद होत जातो. त्यांतून उत्तरेस खंबायतचें आखात नरसाळ्यासारखें निमुळतें. भरतीचें पाणी या उथळ व निमुळत्या जागेंत शिरलें कीं त्यास पसरण्यास वाव मिळत नाहीं, तें उंच चढतें आणि वेगानें वाहतें. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर भरती व ओहोटी यांतील अंतर फार तर दोन-अडीच मीटर. मुंबईस उधाणाच्या दिवशीं तें चार-साडेचार मीटरांवर जातें. आणि आखाताच्या आंत भावनगराकडे दहा मीटरांच्याहि घरांत पोंचतें. म्हणजे उत्तर कोंकणच्या समुद्रांत दिवसांतून चार वेळां एक नदीच वाहते म्हणा ना. दोनदां किनाऱ्याकडे व दोनदां उलट.

दुसरी गोष्ट गाळाची. याच आखातांत नर्मदा भडोचपाशीं आणि आमची तापी सुरतेच्या खालीं आपलें पाणी ओततात. सातपाटीच्या किनाऱ्यावर उभें राहिल्यास समुद्र निळा दिसतच नाहीं. खळ लावलेल्या पाण्यासारखा मातकट दिसतो. मला प्रथम निराशा वाटली. मग लक्षांत आलें कीं या रंगांत कांहीं हिस्सा आपल्याकडील काळ्या जमिनीचाहि असेल. नद्यांबरोबर आलेल्या या खाद्यावर सूक्ष्म जीव वाढतात, त्यांवर जवळा पोसतो, आणि जवळ्यावर बोंबील. जवळा म्हणजे कोळंबीच्या जातीचा, पण पुरा वाढला तरी दोन-चार सेंटिमीटरांचा जीव. बोंबील हा जवळ्याचा मोठा भोक्ता. आपल्या मुखांत न मावणारासा घांसहि तो गिळतो. परंतु अंगानें तो अगदीं लिबलिबीत. शरीराचा जवळजवळ नव्वद टक्के भाग पाणीच. जोराच्या ओघाविरुद्ध पोहणें त्यास झेपत नाहीं. ओघ नेईल तिकडे तो जातो. आणि डोल ही ओघांतच मांडलेली असते.

आतां प्रत्यक्ष जाळ्याकडे वळूं. गृहिणींनीं कणीक चाळण्याची चाळण दूर ठेवून गाळणीची लांब कापडी पिशवी डोळ्यांसमोर आणावी. डोल तशीच शंकूच्या आकाराची असते. तोंडाशीं रुंद, शेपटाकडे निमुळती, लांबी मोठ्या डोलींत चाळीस ते साठ मीटर. जाळ्याच्या प्रत्येक भोकास कोळी लोक 'आस' म्हणतात. तोंडाशीं आस इतके मोठे कीं त्यांतून हाताचा पंजा सहज जावा. मागें मागें ते लहान होत जातात, आणि अखेरच्या पिशवींत करंगळीचें टोकहि शिरूं नये इतके बारीक होतात. पुढचे मोठे आस मासा धरण्यासाठीं नसतातच. तेथून पाणी मोकळें निघून जावें, जाळ्यावर फार ताण पडूं नये, आणि मासा बाजूच्या भिंतींना बिचकून आपोआप मागें सरकावा, एवढ्यासाठीं ते असतात. धरण्याचें काम शेवटच्या कांहीं हातांचें. पिशवीचें बूड दोरीनें बांधलेलें असतें. जाळें वर घेतलें कीं ती गांठ सोडतात आणि सगळा माल होडींत कोसळतो.

हें धूड समुद्रांत उभें कसें राहतें? उथळ पाण्यांत लाकडाचे लांब खुंट तळाच्या चिखलांत रोवतात. एक लाकूड पुरत नाहीं, म्हणून दोन-तीन जोडून एक खुंट करावा लागतो. अशा दोन खुंटांच्या मध्यें जाळ्याचें तोंड चार कोपऱ्यांनीं बांधतात. खोल पाण्यांत खुंट पोंचत नाहीं. तेथें लाकडाची मेख लांब काठीच्या टोंकास बसवून तळांत ठोकतात व काठी काढून घेतात. मेखेला दोर, दोराला जाळ्याचे खालचे कोपरे. आणि वरचे कोपरे तरंगत्या पिंपांना. पिंपें वर ओढतात, मेखा खालीं धरतात, आणि मधोमध ओघ शिरून तोंड उघडें ठेवतो. एकहि माणूस जवळ नसतांना तें यंत्र चालूं असतें. खुंट किंवा मेख मारून केलेल्या अशा जागेस 'कव' म्हणतात. कव मारणें हें शक्तीचें व कौशल्याचें काम. तें ओघ मंद असतो त्या दिवसांत उरकावें लागतें. त्या जागा पिढ्यान् पिढ्या ठराविक गांवांकडे व घराण्यांकडे चालत आलेल्या असतात. शेताच्या बांधावरून आपल्याकडे जितकीं भांडणें होतात तितकींच कवींवरून तिकडे होतात, हें त्यांतील एका प्रकरणावरून पुढें दिसेल.

ओघाचें वेळापत्रक मात्र घड्याळावर नाहीं, चंद्रावर चालतें. आणि येथें मला माझ्या धंद्यांतली एक गंमत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आमच्या लहानपणीं जुने मास्तर पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेत. पाऊणकीचा उपयोग काय, हें मला कोणी सांगितलें नाहीं आणि मींहि कोणास सांगूं शकलों नाहीं. सातपाटीच्या एका वृद्ध तांडेलानें तो सांगितला. पक्षांतील तिथि घ्यावी, तिची पाऊणपट करावी, कीं पूर्ण भरतीची वेळ ढोबळ मानानें तासांत निघते. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. दुपारची तशीच रात्रीची. त्यांत सुमारें सवासहा तास मिळविले कीं ओहोटीची अखेर. तो तांडेल शाळेंत दुसरीपलीकडे गेलेला नव्हता. त्यास पंचांग लागत नसे, चंद्र पुरत असे. आणि त्याची पाऊणकी माझ्यापेक्षां चलाख होती.

अमावास्या व पौर्णिमा यांच्या आसपास चंद्र-सूर्यांची ओढ एकत्र होऊन उधाण येतें. अष्टमीच्या सुमारास ती एकमेकींस छेदते, तेव्हां पाणी कमी चढतें व कमी उतरतें, त्यास भांग म्हणतात. डोलीची कमाई उधाणाची. पाणी जितकें धांवेल तितकें अधिक पाणी जाळ्यांतून गाळलें जाईल. भांगांत जाळीं किनाऱ्यावर येतात. वाळवणें, सांधणें, दोर बदलणें हीं कामें तेव्हां होतात. भरती व ओहोटी यांच्या सांध्यावर पाणी थोडा वेळ स्तब्ध होतें, तेवढ्या वेळांत जाळें मांडावयाचें. आणि पुढच्या स्तब्धतेच्या सुमारास, ओघ उलटण्यापूर्वीं, उचलावयाचें. उशीर झाला तर पिशवी उलटी वाहूं लागते आणि मिळालेलें गमावतें. म्हणून डोलकर मध्यरात्रीं निघेल कीं भर दुपारीं, हें त्याच्या हातांत नसतें.

जाळ्यांत काय येतें? बोंबील व जवळा तर येतोच. शिवाय करंदी, मांदेली, वाकटी, ढोमी, आणि ज्याविषयीं पुढें बोलावयाचें आहे तें लहान पापलेट. बोंबील पाणीदार असल्यानें तो उन्हांत लवकर नासतो. म्हणून ताजा खपेल तेवढा खपवून उरलेला वाळविण्याची रीत पडली. किनाऱ्यावर बांबू रोवून त्यांस आडव्या दोऱ्या ताणतात. त्यांवर बोंबील टांगण्याची युक्ति पाहण्यासारखी आहे. दोन बोंबील घ्यावयाचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यांत अडकवावयाचा, आणि ती जोडी दोरीवर टाकावयाची. दांत वांकडे व तीक्ष्ण असल्यामुळें गांठ नको, खिळा नको. बायका बोलतां बोलतां हें काम इतक्या झपाट्यानें करतात कीं पाहणाऱ्याची नजर मागें पडावी. ऊन-वारा अनुकूल असेल तर तीन-चार दिवसांत मासा काठीसारखा होतो. त्यांतलें बहुतेक पाणी उडून जातें, आणि मग तो रेल्वेनें किंवा मोटारीनें खानदेशापर्यंत येण्यास मोकळा. इंग्रज लोक त्यास 'बॉम्बे डक' म्हणत. मुंबईच्या डांकगाडीनें तो जाई म्हणून हें नांव पडलें, अशी कथा आहे. कथा चांगली, पण रेल्वे मुंबईस १८५३ सालीं सुरू झाली आणि हें नांव त्यापूर्वींच इंग्रजी पुस्तकांत छापलेलें सांपडतें. तेव्हां ती सोडून द्यावी लागते.

डोलीखेरीज दुसरीं साधनें नाहींत असें नव्हे. खाडींत लहान बोक्शी लावतात, उथळ पाण्यांत पाग फेंकतात. परंतु व्यापाराच्या दृष्टीनें डोलीच्या जोडीला बसणारें दुसरें साधन म्हणजे सातपाटीकरांचें पापलेटाचें जाळें. तें पिशवी नव्हे, भिंत आहे. वरच्या दोरीस तरंगणारे गोळे, खालच्या दोरीस वजनें, आणि मध्यें ताणलेला जाळ्याचा लांबच लांब पडदा. रात्रीं तो पाण्यांत सोडतात आणि होडीसह ओघाबरोबर वाहूं देतात. पापलेट अंधारांत पडद्यावर येऊन आदळतें. आस त्याच्या बेताचा असेल तर डोकें आंत जातें, अंग जात नाहीं; मागें फिरूं लागलें कीं दोरा कल्ल्यांत अडकतो. लहान पापलेट आरपार निघून जातें. फार मोठ्याचें डोकेंच शिरत नाहीं. म्हणजे या जाळ्याचा आस हा माप घेणारा शिंपी आहे. विणतांनाच कोळ्यास ठरवितां येतें कीं मला अमुक वयाचा मासा हवा आणि त्याखालचा नको. डोलीस असें म्हणतां येत नाहीं. डोल पाणी गाळते. त्या पाण्यांत जें असेल तें तिचें.

या दोन स्वभावांतूनच तो कवींचा तंटा निघाला. पूर्वीं होड्या शिडांच्या व वल्ह्यांच्या होत्या, जाळीं तागाचीं किंवा सुताचीं. ऐनासारख्या झाडाच्या सालीचा काढा करून त्यांत तीं वरचेवर बुडवावीं लागत, नाहीं तर कुजत. म्हणून डोल किनाऱ्यापासून फार दूर जात नसे. १९५० नंतरच्या दशकांत होडीवर यंत्र बसलें, पाठोपाठ नायलॉन आलें, जें कुजत नाहीं व भिजून जड होत नाहीं. मग वसई-उत्तनकडील डोलकर अधिक खोल पाण्यांत व अधिक उत्तरेस कवी मारूं लागले. तेंच पाणी सातपाटी-डहाणूकडील लोकांच्या वाहत्या जाळ्यांचें. वाहता पडदा आणि रोवलेला खुंट यांची गांठ रात्रीं पडली कीं पडदा फाटतो. एका रात्रींत वर्षाची मिळकत गेल्याचीं उदाहरणें लोक सांगतात. एक म्हणतो, समुद्र सर्वांचा. दुसरा म्हणतो, वाट आमची. बैठका झाल्या, करार झाले, मोडले; गेल्या कित्येक वर्षांत हा वाद पुरता मिटलेला नाहीं. दोन्ही बाजूंच्या लोकांशीं मी बोललों आहें. दोघेहि मला सज्जन वाटले, आणि दोघांचेंहि म्हणणें ऐकतांना खरें वाटलें. मास्तरकी केलेल्या माणसास हें मोठें अवघड जातें. वर्गांत एक उत्तर बरोबर व दुसरें चूक, एवढीच आमची संवय.

या दोघांचेंहि बोट ज्याच्याकडे वळतें तो तिसरा म्हणजे ट्रॉलर. त्याचें जाळेंहि पिशवीच; पण तें ओघाची वाट पाहत नाहीं. यंत्राच्या जोरानें तें तळावरून फरफटत नेतात. तोंडाच्या दोन बाजूंस दोन जड फळ्या असतात. पाण्याच्या दाबानें त्या एकमेकींपासून दूर पळतात व तोंड उघडें राहतें. कल्पना डोलीचीच, फक्त पाणी जाळ्याकडे येण्याऐवजीं जाळें पाण्याकडे जातें. यांतला फरक मात्र लहान नाहीं. डोलीला भांग आहे, ट्रॉलरला भांग नाहीं. चंद्रानें महिन्यांतून दोनदां जी सुटी माशास दिली होती, ती यंत्रानें काढून घेतली. दक्षिण कोंकणांत तवंगाच्या माशांस घेरून तळ आवळणारें पर्ससीन जाळें आलें, त्यावर १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखालीं राज्य सरकारनें २०१६ सालीं निर्बंध घातले. तो इतिहास स्वतंत्र भाषणाचा आहे, येथें एवढेंच.

आतां लहान पापलेटाकडे येतों. चैत्राच्या अखेरीस एका सकाळीं मी बंदरावर उभा होतों. डोलीची होडी लागली. टोपलींतून जवळ्याचा ढीग ओतला गेला आणि त्यांत रुपयाच्या नाण्याएवढ्या चकत्या चकाकतांना दिसल्या. मला वाटलें शिंपले असावेत. वांकून पाहिलें तों प्रत्येकीस शेपूट आणि डोळा. तीं पापलेटाचीं पिलें होतीं. एका ओंजळींत पंधरा-वीस मावतील एवढीं. "हीं परत समुद्रांत कां टाकीत नाहीं?" असें मीं विचारलें. डोलकर हंसला नाहीं, रागावलाहि नाहीं. म्हणाला, "मास्तर, सहा तास पिशवींत चेंगरून तीं वर येतात. टाकलीं तरी मेलेलींच टाकायचीं." आणि मग, जणूं मीच विद्यार्थी आहें अशा सुरांत, "जाळ्याला डोळे नसतात."

या पिलांस वाढूं दिलें असतें तर कांहीं महिन्यांनीं प्रत्येकाचें वजन कितीतरी पट झालें असतें, आणि तीं सातपाटीच्या पडद्यांत सांपडून कुटुंबाचें पोट भरतीं. आज तीं जवळ्याबरोबर वाळून कवडीमोलानें जातात. सातपाटींत पापलेट पूर्वींसारखें मिळत नाहीं ही तेथील सार्वत्रिक तक्रार आहे. सरकारनेंहि लक्ष घातलें. २०२३ सालीं रुपेरी पापलेटास महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून घोषित केलें, आणि त्याच वर्षीं चोपन्न जातींच्या सागरी जीवांसाठीं किमान लांबी ठरवून तिच्याखालचा मासा धरण्यास मनाई केली. नियम योग्यच आहे. पण डोलकराचा प्रश्न त्यानें सुटत नाहीं, कारण मोजपट्टी बंदरावर लावावयाची, आणि मासा मरतो पिशवींत.

मग पिशवीचे आस मोठे करावे, असें आपण सहज म्हणूं. ट्रॉलरच्या बाबतींत हा उपाय खरोखर लागू पडतो, आणि त्यांत एक मौजेची गोष्ट आहे. सामान्य जाळ्याचा आस शंकरपाळ्याच्या आकाराचा असतो. शंकरपाळें दोन टोंकांस धरून ओढलें, तर तें लांब होऊन मिटतें. जाळें भरून ताण पडला कीं आस नेमके तसेच मिटतात, आणि ज्या भोकांतून पिलूं निसटावयाचें तें भोंकच उरत नाहीं. तेंच जाळें वळवून आस चौकोनी बसविला तर ताणाखालींहि तो उघडा राहतो. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनें ट्रॉलच्या शेपटास असे चौकोनी आस लावण्याची शिफारस केलेली आहे. दोरा तोच, गांठी त्याच. केवळ दिशा बदलली.

परंतु डोलींत जवळाहि हवा असतो, आणि पुरा वाढलेला जवळा पापलेटाच्या पिलाहून बारीक! जवळा राहील असा आस ठेवला तर पिलूं राहणारच. पिलूं निसटेल असा ठेवला तर जवळा त्याच्या आधीं निसटेल. एकाचा पूर्ण पुरुष आणि दुसऱ्याचें तान्हें बाळ एकाच मापाचें. येथें भूमिति हात टेकते. ज्या गरिबाच्या घरीं जवळ्याच्या चटणीवर भाकर खाल्ली जाते, त्यास जवळा नको असेंहि आपण कोण सांगणार? माझ्या अल्प मतें येथें मोजपट्टीपेक्षां पंचांगाचा उपयोग अधिक. कोणत्या महिन्यांत व कोणत्या पाण्यांत पापलेटाचीं पिलें जमतात, हें डोलकरांस पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. तेवढे आठवडे, तेवढ्याच जागीं, बारीक आसाची पिशवी लावूं नये, आणि त्या आठवड्यांची भरपाई कोणीतरी द्यावी. पावसाळ्यांत नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढून ठेवण्याची चाल कोळ्यांनीं कायद्याच्या आधींच पाळली होती. हल्लींची १ जून ते ३१ जुलैची बंदी त्या चालीहून पुष्कळदां लहानच भरते. म्हणजे थांबणें हें त्यांस नवीन नाहीं. एकट्यानें थांबणें मात्र कोणासहि परवडत नाहीं, कारण आपण सोडलेला मासा शेजारच्याच्या जाळ्यांत गेला, एवढेंच फळ मिळतें.

दरम्यान खुद्द समुद्रच बदलतो आहे. तापीवर १९७२ सालीं उकाईचें धरण झालें, वरच्या अंगास आमचें हतनूर. पुराबरोबर जाणारा गाळ आतां बराचसा धरणांच्या पोटांत राहतो. डहाणूजवळ वाढवण येथें मोठ्या बंदरास केंद्र सरकारनें जून २०२४ मध्यें मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजीं त्याची पायाभरणी झाली. समुद्रांत भराव घालून तें उभारावयाचें आहे. तेथील कोळी समाजानें त्यास अनेक वर्षें विरोध केला. त्यांचें म्हणणें असें कीं भरावानें ओघाची वाट बदलेल आणि माशांच्या विणीच्या जागा जातील. बाकी हिशेब तज्ज्ञांचे. पण डोल कशी चालते हें पाहिल्यानंतर ओघाविषयींची ही काळजी मला तरी फुकाची वाटत नाहीं. खुंट, मेख, पिंप, जाळें सारें जागच्या जागीं असलें, आणि ओघ दुसऱ्या अंगानें गेला, तर डोल म्हणजे नुसती लोंबणारी पिशवी.

परत आल्यावर मीं दोन कामें केलीं. एक, बाजारांतील त्या मुलास, जो आतां चाळिशी ओलांडून बापाच्याच दुकानावर बसतो, सगळें सांगितलें. तो म्हणाला, "गुरुजी, तें मला तेव्हांच वडिलांनीं सांगितलं होतं. पण तुम्ही म्हणालांत गळानं, म्हणून पेपरांत मी गळानंच लिहिलं." पेपर मींच तपासला असणार, आणि गुणहि दिले असणार.

दुसरें, त्याच्या दुकानावर बसून, नाकास उपरणें न लावतां, शाळेची जुनी फूटपट्टी घेऊन एका मोळींतले दहा बोंबील मोजले. वाळून आंखडतात हें जमेस धरूनहि चार बरेच आंखूड निघाले. "मोठे कुठें जातात?" मीं विचारलें. "मोठे मुंबईतच राहतात, गुरुजी," असें म्हणून त्यानें ते दहाहि पुन्हां मोळींत खोंवले आणि गिऱ्हाइकाकडे वळला.